डावा खालचा कोपरा

तार्तूमध्ये त्या फेब्रुवारीत
तळघरातल्या रेडिएटरवर मोजे वाळत घालून
मी विद्यापीठाचे तीन संगणक सांभाळत होते.
सल्मेबाई आल्या, बुटांचा बर्फ दारातच झटकून.
पिशवीत मशरूमच्या लोणच्याची बरणी, तिच्याखाली फ्लॉपी,
वर्तमानपत्रात अंड्यासारखी गुंडाळलेली.

'एल्मारचं शेवटचं काम. प्रिंटर गिळतो
आणि गप्प बसतो.'

गिळत होता खराच.
हिरवा दिवा लुकलुकायचा, पोटात काहीतरी घरघरायचं,
आणि कागदाच्या तोंडाशी काहीच नाही.
दोन कचेऱ्या फिरून आल्या होत्या बाई.
एकीत म्हणाले, फाइल मेली.
दुसरीत एका प्रोग्रामची किंमत सांगितली,
त्यांच्या अकरा महिन्यांच्या पेन्शनएवढी.

माझ्याकडे एक फुकटचा होता.
ज्यांनी लिहिला त्यांचे चेहरे मला ठाऊक नाहीत.
समुद्रापलीकडून, हेलसिंकीच्या तारेवरून
रात्रभर ठिबकत उतरला होता तो,
सोबत चिठ्ठी : वापरा, उघडून बघा, पुढे द्या.
कागद न नासता पान आधी पडद्यावर दाखवायचं,
एवढंच त्याचं काम.

आधी मी फाइल नुसती वाचली.
पान म्हणजे चित्र, असं वाटतं आपल्याला.
आत चित्र नसतंच. आज्ञा असतात.
इथे जा. इथून रेघ ओढ. थांब. आता हा आकडा लिही.
आणि मोजायचं सगळं डाव्या खालच्या कोपऱ्यापासून;
शून्य तिथे, मग उजवीकडे, मग वर,
भिंत रचत जावी तसं.
एल्मार यांनी प्रत्येक ओळ हाताने लिहिली होती,
कुठूनशा मिळालेल्या झेरॉक्स पुस्तकावरून.
मध्येच एका ओळीत स्वतःसाठी टिपण : गुडघा दुखतो, उद्या.

मग प्रोग्राम चालवला.
पडदा पांढरा. बराच वेळ पांढरा.
सल्मेबाईंनी खुर्ची ओढून घेतली.
एक रेघ आली.
जुन्या मशीनवर सावकाश, दम खात,
पेइप्सी सरोवराचा काठ वळत गेला,
आणि काठाच्या आत ठिपके :
एकतीस हिवाळ्यांत गिरमिटाने पाडलेली भोकं,
प्रत्येकापाशी बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये.
चौपन्न. एकाहत्तर. अडतीस.
'अडतीसला आत पडला होता,' बाई म्हणाल्या,
'कमरेपर्यंत. घरी येऊन आधी आकडा लिहिला,
मग पँट बदलली.'

शेवटचा ठिपका आला आणि फाइल संपली.
मी दोनदा खाली जाऊन पाहिलं.
एक शब्द नव्हता. शोपेज. म्हणजे, दाखव पान.
बिचारा प्रिंटर अख्खं सरोवर पोटात धरून
त्या एका शब्दासाठी खोळंबला होता.

'लिहा तुम्हीच,' मी म्हटलं.
आठ अक्षरं, एका बोटाने.
तिसरं शोधायला फार वेळ लागला,
मी सांगितलं नाही.

मग वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मशीनवर उघडलं, तेच पान.
भूगोलवाल्यांच्या मॅकवर, तेच;
फक्त त्यांच्या गावाच्या नावातलं
डोक्यावर लाट घेतलेलं आमचं अक्षर तिथे गळालं,
त्या जागी चौकोनी भोक.
'चालेल,' बाई म्हणाल्या, 'भोकांची सवय आहे.'

छापलेला कागद कोमट होता.
त्यांनी बोट ठेवलं अगदी डाव्या खालच्या कोपऱ्यात,
जिथे काहीच छापलं नव्हतं.
'हे आमचं दार. इथूनच निघायचा.'

पैसे किती, विचारलं. काही नाही, म्हटलं.
त्यांना ते आवडलं नाही. बरणी टेबलावर ठेवली.
दारापर्यंत जाऊन परत वळल्या :
'त्या चिठ्ठीत आहे ना, पुढे द्या म्हणून?
मग मलाही द्या.'

'संगणक आहे घरी?'

'नाही.'

तीन फ्लॉप्या लागल्या.
त्यांनी त्या मोजून घेतल्या
आणि वर्तमानपत्र मागितलं.